डिझाइन खुलं, पण नाव कुणाचं? ओपन सोर्स हार्डवेअर आणि ट्रेडमार्कचे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्स हार्डवेअर म्हणजे ज्यांचे आराखडे सगळ्यांसाठी खुले आहेत अशी उपकरणं. असं सर्किट सगळ्यांना वाटून टाकणारी माणसं एका शब्दावरून कोर्टात जातात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. मग प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. हा कायदेशीर सल्ला नाही. नोटीस हातात पडली असेल तर आधी वकील गाठा आणि वाचन नंतर करा.

डिझाइन खुलं केलं म्हणजे नावही खुलं झालं ना?

नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

एका सर्किट बोर्डावर तीन वेगळे हक्क असू शकतात. आराखड्याच्या फाइली आणि फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) यांवर कॉपीराइट असतो. एखादी युक्ती खरंच नवीन असेल तर तिच्यावर पेटंट असू शकतं. आणि बोर्डावर जे नाव किंवा चिन्ह छापलेलं असतं, तो ट्रेडमार्क. खुला परवाना पहिल्या हक्काबद्दल बोलतो, काही परवाने दुसऱ्याबद्दलही बोलतात. तिसऱ्याला मात्र जवळजवळ सगळेच जाणूनबुजून बाहेर ठेवतात. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याच्या ४.० आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की पेटंट आणि ट्रेडमार्कचे हक्क या परवान्यात येत नाहीत. अपाचे २.० या सॉफ्टवेअर परवान्याच्या सहाव्या कलमातही नाव वापरायची परवानगी दिलेली नाही.

ओपन सोर्स हार्डवेअरची जी व्याख्या २०११ मध्ये पहिल्यांदा ठरली, तीही हेच मानते. तुमच्या डिझाइनवरून कुणी वेगळं काही बनवलं, तर त्याला वेगळं नाव द्या अशी अट परवान्यात घालता येते आणि तरीही ते हार्डवेअर 'खुलं'च राहतं. म्हणजे नाव राखून ठेवणं हा खुलेपणाशी केलेला दगाफटका नाही. खुलेपणाच्या नियमांतच त्याला जागा आहे.

मग 'नाव राखलं म्हणजे प्रकल्प अर्धाच खुला' असं लोक का म्हणतात?

कारण ते नावाकडे मालमत्ता म्हणून बघतात. मी त्याकडे सही म्हणून बघतो. पत्राची नक्कल कुणीही करावी, खाली सही मात्र आपापली करावी.

हा वाद सॉफ्टवेअरमध्येही होतोच. हार्डवेअरमध्ये वेगळं काय आहे?

सॉफ्टवेअरमधलं गाजलेलं उदाहरण फायरफॉक्सचं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या गटाने त्यात स्वतःचे बदल करून तो वाटायला सुरुवात केली, तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने नावाच्या वापरावर अटी घातल्या. २००६ मध्ये डेबियनने त्याच ब्राउझरचं नाव 'आइसवीझल' केलं आणि ते दहा वर्षं टिकलं. २०१६ मध्ये फायरफॉक्स हे नाव परत आलं. गंमतशीर प्रकरण होतं, पण त्यात कुणाचं फारसं नुकसान झालं नाही.

हार्डवेअरमध्ये नाव एका वस्तूवर छापलेलं असतं. ती वस्तू गरम होते, कधी जळते, तिचा व्होल्टेज रेग्युलेटर स्वस्तातला निघाला तर समोरच्याच्या कॉम्प्युटरचा पोर्टही घेऊन जाते. तक्रार कुणाकडे जाते? बोर्डावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे. मूळ प्रकल्प चालवणाऱ्यांची एक जुनी रड आहे: आपण कधी न बनवलेल्या, कधी न विकलेल्या बोर्डाच्या दुरुस्तीसाठी आपल्यालाच पत्रं येतात. शिवाय वस्तू सीमा ओलांडते, म्हणजे कस्टम्स आलं. सॉफ्टवेअरच्या फोर्कला, म्हणजे मूळ कोड घेऊन काढलेल्या वेगळ्या आवृत्तीला, कुणी बंदरावर अडवून ठेवत नाही.

क्लोन, डेरिव्हेटिव्ह आणि नकली बोर्ड यांत नेमका फरक काय?

आर्डुइनो या नवशिक्यांच्या आवडत्या, खुल्या डिझाइनच्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाचे सहसंस्थापक मास्सिमो बान्झी यांनी २०१३ मध्ये ही वर्गवारी जाहीरपणे मांडली होती आणि ती अजूनही कामाची आहे. थोडक्यात आणि माझ्या शब्दांत सांगतो.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे मूळ डिझाइन घेऊन त्यात स्वतःची भर घातलेला बोर्ड: आकार बदलला, चिप बदलली, बॅटरीची सोय केली. क्लोन म्हणजे जवळपास जशीच्या तशी प्रत, पण वेगळ्या नावाने. नकली म्हणजे प्रतही आणि त्यावर मूळ नाव व लोगोही. पहिल्या प्रकाराचं कौतुक व्हावं. दुसऱ्यावर नाक मुरडता येईल, पण तो कायदेशीर आहे. डिझाइन खुलं ठेवलं याचा अर्थच तो. तिसरा प्रकार ही फसवणूक आहे, आणि डिझाइन खुलं असल्याने ती रतीभरही कमी होत नाही.

बोलताना लोक क्लोनलाही 'नकली' म्हणून टाकतात. तेवढं टाळलं तरी निम्मी भांडणं होणार नाहीत.

माझ्या बोर्डाच्या वर्णनात मी 'आर्डुइनो-कम्पॅटिबल' लिहू शकतो का?

खरं असेल तर लिहू शकता. दुसऱ्याचं नाव वस्तूचं वर्णन करण्यापुरतं वापरायला बहुतेक कायदे मुभा देतात. मेख आहे ती शब्दांच्या क्रमात. आर्डुइनोने या बाबतीत बराच काळ जी मार्गदर्शक सूत्रं दिली, ती इतरांनाही लागू पडण्यासारखी आहेत. आधी तुमचं स्वतःचं नाव आणि मग 'फॉर आर्डुइनो', हे चालतं. तुमचं नाव आणि त्यामागे कंसात 'आर्डुइनो-कम्पॅटिबल', हेही चालतं. पण 'आर्डुइनो' हा शब्द तुमच्या उत्पादनाच्या नावाचाच भाग करायला बंदी. एवढंच काय, 'आर्डुइनो-कम्पॅटिबल अमुक' असं सुरुवातीला लावलेलंही त्यांना नको होतं.

हा शब्दांचा कीस पाडण्याचा प्रकार वाटेल. पण दुकानाच्या यादीत शीर्षक अर्धवटच दिसतं, आणि दिसणारा अर्धा भाग कुणाचा, यावर गिऱ्हाईक काय समजणार ते ठरतं. लोगोचं सोपं आहे: परवानगीशिवाय वापरू नका. वर्णनासाठी शब्द पुरतो, चिन्हाची गरज पडत नाही.

आणि नावाला 'डुइनो' असं शेपूट जोडलं तर?

फ्रीडुइनो, सीडुइनो, बोर्डुइनो अशी नावं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. फ्रीडुइनो तर मुळात 'कुणीही वापरा' म्हणूनच काढलेलं नाव. तरी इतरांनी केलंय म्हणून आपल्यालाही चालेल, हा तर्क कोर्टात टिकेलच असं नाही. आज मी नवीन बोर्ड काढला तर हे शेपूट लावणार नाही. कायद्याचं सोडा, त्या गर्दीत ते नाव कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

'आर्डुइनो विरुद्ध आर्डुइनो' हे प्रकरण काय होतं?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यात क्लोनवाला कुणीच नव्हता. भांडण घरातलं होतं.

इटलीतल्या इव्रेया गावात इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूट होती. तिथे एर्नांदो बार्रागान यांनी २००३ मध्ये 'वायरिंग' नावाचा प्रकल्प प्रबंध म्हणून केला आणि त्याच पायावर २००५ मध्ये आर्डुइनो उभा राहिला. संस्थापक पाच: मास्सिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएलेस, टॉम आयगो, जान्लुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस. नाव आलं गावातल्या एका बारवरून, आणि बारचं नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन राजावरून. म्हणजे ज्या नावावरून एवढं रण पेटलं, तेच मुळात उसनं होतं!

बोर्ड बनवायचं काम मार्तिनो यांच्या 'स्मार्ट प्रोजेक्ट्स' या इटालियन कंपनीकडे होतं. २००८ मध्ये संस्थापकांनी अमेरिकेत 'आर्डुइनो एलएलसी' काढली. ठरलेली विभागणी साधी होती: एलएलसीकडे नाव, सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळ, कारखान्याकडे उत्पादन, आणि कारखान्याने एलएलसीला स्वामित्वशुल्क द्यायचं. पण २००८ च्या अखेरीस स्मार्ट प्रोजेक्ट्सने इटलीत 'आर्डुइनो' हा ट्रेडमार्क स्वतःच्या नावावर नोंदवायला टाकला. बान्झी यांच्या सांगण्यानुसार बाकीच्यांना हे दोनेक वर्षं कळलंच नाही. एलएलसीने अमेरिकेत २००९ मध्ये अर्ज केला होता. पुढे इतर देशांत नोंदणी करायला गेल्यावर त्यांना इटलीतली नोंद दिसली. वरातीमागून घोडं.

वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि फिसकटल्या. २०१४ मध्ये स्वामित्वशुल्क थांबलं. त्याच वर्षी स्मार्ट प्रोजेक्ट्समध्ये फेदेरिको मुस्तो प्रमुख म्हणून आले आणि कंपनीचं नाव 'आर्डुइनो एसआरएल' झालं. एका बाजूला एलएलसीचं जुनं संकेतस्थळ 'आर्डुइनो डॉट सीसी', दुसऱ्या बाजूला एसआरएलचं नवं 'आर्डुइनो डॉट ऑर्ग'. एसआरएलने अमेरिकेतली एलएलसीची नोंद रद्द करावी असा अर्ज केला, तर जानेवारी २०१५ मध्ये एलएलसीने मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात खटला भरला.

वापरणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? एकाच नावाच्या दोन आयडीई, म्हणजे बोर्डासाठी प्रोग्रॅम लिहायची सॉफ्टवेअरं. सीसीची १.६ च्या मालिकेत होती, तर ऑर्गने आपल्या फोर्कला १.७ हा आकडा दिला. साहजिकच नवशिक्याला वाटे की मोठा आकडा म्हणजे नवी आवृत्ती. ही खेळी मला अजूनही सगळ्यात जास्त खटकते. कोर्टकचेरी मोठ्यांची आणि डोकेदुखी पहिलाच एलईडी लुकलुकवायला बसलेल्या पोराची.

मे २०१५ मध्ये एलएलसीने मार्ग काढला: अमेरिकेत 'आर्डुइनो' आणि अमेरिकेबाहेर 'जेनुइनो'. बोर्ड तोच, निळसर हिरवा रंग तोच, नाव दुसरं. अमेरिकेतलं उत्पादन एडाफ्रूट या खुल्या हार्डवेअरच्या कंपनीकडे दिलं. शेवटी १ ऑक्टोबर २०१६ ला न्यूयॉर्कच्या मेकर फेअरमध्ये, म्हणजे हौशी निर्मात्यांच्या मेळ्यात, बान्झी आणि मुस्तो यांनी एकाच मंचावरून समेटाची घोषणा केली. २०१७ मध्ये 'बीसीएमआय' या कंपनीने सगळा कारभार ताब्यात घेतला. ही बान्झी, कुआर्तिएलेस, आयगो आणि मेलिस यांची कंपनी. नावातली चार अक्षरं त्यांच्याच आडनावांची. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

यात चूक कुणाची होती?

पक्षकारांची नावं घेऊन निकाल द्यायला मी बसलेलो नाही. प्रकरण तडजोडीत मिटलं. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या कागदांवरून दिसते. २००५ ते २००८ ही तीन वर्षं नाव कुणाचं आहे हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. सर्किट कुणाचं, यावर त्यांच्यात भांडण होऊच शकत नव्हतं, कारण ते परवान्यानिशी जगाला देऊन झालं होतं. वाटलं न गेलेलं एकच उरलं होतं, आणि सगळी किंमत त्यातच साठली होती. खुल्या हार्डवेअरमधल्या नावाच्या वादाचं मूळ मला तरी इथे दिसतं: आपण फाइलींच्या परवान्यावर महिनाभर काथ्याकूट करतो आणि नावाचा मालक कोण, हा विषय कुणी काढतच नाही. काढला तर मैत्रीवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं ना!

आधी वापरणाऱ्याचं नाव की आधी नोंदवणाऱ्याचं?

देशावर अवलंबून आहे. ट्रेडमार्क हा प्रत्येक देशापुरता हक्क असतो, सगळ्या जगाचा एक ट्रेडमार्क नसतो. अमेरिकेसारखे काही देश प्रत्यक्ष वापराला मोठं महत्त्व देतात. चीन आणि युरोपातले बरेच देश मुख्यतः आधी अर्ज करणाऱ्याच्या बाजूने झुकतात. त्यामुळे एकच नाव दोन देशांत दोघांच्या मालकीचं असणं, हे आर्डुइनोत झालं तसं, अगदी शक्य असतं.

दोन सोयी माहीत असाव्यात. पॅरिस करारानुसार, एका सदस्य देशात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला, तर तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. माद्रिद प्रणालीतून एकाच अर्जाद्वारे अनेक देश निवडता येतात. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. बोर्ड, सेन्सर, मॉड्यूल सहसा नवव्या वर्गात येतात, सॉफ्टवेअर विकासाच्या सेवा बेचाळिसाव्यात. पैसे थोडेच असतील तर नववा वर्ग आधी, आणि जिथे बोर्ड बनतो व जिथे सगळ्यात जास्त विकला जातो, ते देश आधी. बनतो तो देश लोक हमखास विसरतात.

वाद फक्त नावावरूनच होतात का? चिन्ह, रंग?

चिन्हावरूनही होतात. ओपन सोर्स हार्डवेअरचं जे दातेरी चाकाचं चिन्ह आज सगळीकडे दिसतं, ते २०११ मध्ये लोकांच्या मतदानातून निवडलं गेलं. ओपन सोर्स इनिशिएटिव्हचं, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचं, कुलपाच्या भोकासारखं चिन्ह त्याआधीच नोंदलेलं होतं. चाकाच्या खालच्या फटीचा आकार त्याच्याशी फार जुळतो, अशी त्यांची हरकत आली. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन, म्हणजे ओशवा, नुकतीच स्थापन झाली होती. २०१२ मध्ये दोन्ही संस्थांनी सहअस्तित्वाचा करार केला आणि चिन्ह वाचलं. वकिलांच्या पत्रांआधी माणसं एकमेकांशी बोलली की असं होतं.

रंगाची गोष्ट अधिक सुरस आहे. मार्च २०१४ मध्ये स्पार्कफनने मागवलेले २,००० मल्टिमीटर अमेरिकेच्या कस्टम्सने अडवले. कारण? गडद तोंडाभोवती पिवळी चौकट ही रंगसंगती मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या फ्लूक कंपनीच्या नावावर नोंदलेली होती. स्पार्कफन खुल्या हार्डवेअरची नावाजलेली कंपनी आणि मीटर स्वस्तातले, नवशिक्यांसाठीचे. तिने घडला प्रकार जाहीरपणे लिहिला आणि लोक फ्लूकवर तुटून पडले. फ्लूकने ३०,००० डॉलरहून जास्त किमतीची स्वतःची उपकरणं देऊ केली: विका नाहीतर वाटून टाका. नोंद मात्र सोडली नाही. त्यांच्या जागी मीही सोडली नसती. कितीतरी देशांत ट्रेडमार्क जपला नाही तर तो दुबळा होतो.

खुल्या फाइलींवरून बोर्ड छापून घेतला. त्यावर मूळ लोगो आला तर?

हा सगळ्यात सहज होणारा घोळ आहे आणि मी स्वतः केलाय. एका प्रकल्पाच्या गर्बर फाइली (ज्यांवरून कारखाना बोर्ड बनवतो) जशाच्या तशा कारखान्याला पाठवल्या, आणि परत आलेल्या प्रत्येक बोर्डावर त्या प्रकल्पाचा लोगो झळकत होता. घरात वापरायचे होते म्हणून निभावलं. तेच विकायला काढले असते, तर माझा मनसुबा कितीही स्वच्छ असता तरी ते नकली बोर्डच ठरले असते.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी सिल्कस्क्रीनचे (बोर्डावर छापल्या जाणाऱ्या अक्षरांचे आणि चिन्हांचे) दोन्ही थर उघडून बघा. तांब्याच्या थरात कोरलेला लोगो तर हमखास नजरेतून सुटतो. नाव आणि लोगो काढा, स्वतःचं नाव आणि आवृत्ती टाका. मूळ लेखकाचा उल्लेख आणि परवाना मात्र ठेवा. ते श्रेय देणं आहे, नाव वापरणं नव्हे. आणि तुम्ही स्वतः डिझाइन प्रसिद्ध करत असाल, तर लोगो नसलेली प्रतही सोबत द्या. चांगल्या माणसांना चुकायची वेळ येणार नाही.

आमचा प्रकल्प चार जणांचा आहे. आत्ताच काय करून ठेवावं?

नाव कुणाच्या मालकीचं, हे एका पानावर लिहा आणि चौघांनी सह्या करा. डोमेन कुणाच्या खात्यावर आहे, एखादा बाहेर पडला तर नावाचं काय, बोर्ड बनवणाऱ्याला नाव वापरायचा हक्क किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे त्याच पानावर. उत्पादकाने नाव स्वतःच्या नावावर नोंदवू नये ही अट वेगळी ओळ घालून लिहा.

नोंदणीला पैसे नसतील तर निदान नाव निवडतानाच शोध घ्या. देशोदेशीच्या ट्रेडमार्क कार्यालयांच्या याद्या इंटरनेटवर मोफत बघता येतात, आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा एकत्रित शोधही आहे. उच्चार सारखा असलेली नावंही शोधा, नुसतं स्पेलिंग नको.

नाव दुसऱ्याला वापरायला देणार असाल तर दर्जावर लक्ष ठेवा. नुसतीच परवानगी देऊन डोळे मिटले, तर काही देशांत ट्रेडमार्कवरचा हक्कच जाऊ शकतो.

ओशवाचं प्रमाणपत्र घेतलं की नाव सुरक्षित होतं का?

नाही, ती वेगळीच गोष्ट आहे. २०१६ पासून ओशवा खुल्या हार्डवेअरला प्रमाणपत्र देते. देशाची अक्षरं आणि क्रमांक असलेली ओळख मिळते आणि प्रमाणचिन्ह लावता येतं. ते चिन्ह सांगतं की हा बोर्ड खरोखर खुला आहे. बोर्डाचं नाव कुणाचं, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

माझ्याकडे 'जेनुइनो' छापलेला जुना बोर्ड आहे. तो नकली आहे का?

मुळीच नाही. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थच 'अस्सल' असा आहे. बिनधास्त वापरा, तो ऊनो प्रकारचा असेल तर आयडीईच्या बोर्डांच्या यादीत ऊनो निवडा. समेटानंतरही कितीतरी दिवस त्या यादीत 'आर्डुइनो/जेनुइनो ऊनो' अशी दोन्ही नावं मधे तिरकी रेघ मारून शेजारी शेजारी उभी होती.